मते खाणारा उमेदवार आणि सेंट लुईसची मतपत्रिका

निवडणुकीचा निकाल लागला की कोण जिंकले यापेक्षा कोणी कोणाची मते खाल्ली, याचीच चर्चा आपल्याकडे अधिक रंगते. दोष आपण त्या मते खाणाऱ्या उमेदवाराला देतो. वास्तविक त्याला ती खाता येतात, कारण मतदाराने एकाच नावापुढे खूण करावी असा मतपत्रिकेचा नियम असतो. हा नियमच बदलावा म्हणून अमेरिकेत 2011 पासून ‘सेंटर फॉर इलेक्शन सायन्स’ ही ना-नफा संस्था काम करते आहे. आज मी तिच्याविषयी, आणि त्यातही मुख्यतः एका शहराविषयी बोलणार आहे.

संस्थेचा आग्रह ‘अप्रूव्हल व्होटिंग’चा आहे. आपण त्याला संमती मतदान म्हणू. जितके उमेदवार आपल्याला चालण्यासारखे वाटतात तितक्यांपुढे खूण करायची, आणि ज्याच्या खुणा सर्वाधिक तो विजयी. स्टीव्हन ब्रॅम्स आणि पीटर फिशबर्न यांनी 1978 मध्ये या पद्धतीची शास्त्रीय मांडणी केली. तुमच्यापैकी ज्यांनी विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मतदान केले असेल, त्यांना हा पसंतीक्रमच वाटेल. पण तसे नाही. तिथे आपण जांभळ्या स्केचपेनने 1, 2, 3 असे आकडे लिहितो, मग कोटा ठरतो, एकेक उमेदवार बाद होतो, त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात आणि मतमोजणी केंद्रावर रात्र उलटते. इथे मोजणी म्हणजे निव्वळ बेरीज.

मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात डेमोक्रॅटिक पक्षाचे इतके वर्चस्व आहे की, पूर्वी त्या पक्षाची उमेदवारी मिळाली की महापौरपद मिळाल्यातच जमा असे. पक्षाचा उमेदवारही तिथे मतदारच मतदानाने निवडत. 2017 च्या अशा उमेदवारीच्या लढतीत मते सात जणांत विभागली गेली. लायडा क्रूसन सुमारे 32 टक्के मतांवर जिंकल्या आणि टिशॉरा जोन्स यांचा पराभव नऊशेहून कमी मतांनी झाला. ‘कोणी कोणाची मते खाल्ली’ हा प्रश्न तिथेही उठला. पुढे स्थानिक कार्यकर्त्यांनी, संस्थेच्या मदतीने, पक्षविरहित पहिली फेरी संमती मतदानाने आणि तीतून पहिल्या दोघांत दुसरी फेरी, असा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबर 2020 मध्ये सुमारे 68 टक्के मतदारांनी तो मंजूर केला.

मार्च 2021 मध्ये महापौरपदासाठी चार उमेदवार होते. टिशॉरा जोन्स यांना 57 टक्के मतदारांची संमती मिळाली, कारा स्पेन्सर यांना 46, लुईस रीड यांना 39 आणि अँड्र्यू जोन्स यांना 14. बेरीज 156 होते. म्हणजे दर शंभर मतदारांनी सुमारे 156 खुणा केल्या. यावरून असेही दिसते की, बऱ्याच जणांनी एकच खूण करून मतपत्रिका पेटीत टाकली. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच आहे: दुसऱ्या आवडत्या उमेदवाराला दिलेली खूण पहिल्याला भोवू शकते, म्हणून सावध मतदार हात आखडता घेतो. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. शिवाय 57 टक्के म्हणजे 57 टक्क्यांची पहिली पसंती नव्हे. एप्रिलच्या थेट लढतीत जोन्स जिंकल्या त्या 52 टक्क्यांनी. दुसरी फेरी ठेवण्यात त्या शहराने शहाणपण दाखवले, असे मी म्हणेन.

नॉर्थ डकोटातल्या फार्गोने ही पद्धत त्याआधीच, 2018 मध्ये स्वीकारली होती. तिथे 2015 च्या पोटनिवडणुकीत सहा जणांतून एक जण अवघ्या 22 टक्के मतांवर नगर आयोगात, म्हणजे शहराचा कारभार पाहणाऱ्या मंडळात, गेला होता. जून 2020 मध्ये दोन जागांसाठी सात उमेदवार असूनही दोन्ही विजेत्यांना निम्म्याहून अधिक मतदारांची संमती मिळाली. पण शहराने केलेला नियम राज्याला मोडता येतो. 2023 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने बंदीचे विधेयक संमत केले, ते राज्यपालांनी नाकारले. 2025 मध्ये नव्या राज्यपालांनी तशाच विधेयकावर सही केली आणि फार्गोतली पद्धत बंद झाली.

त्याच वर्षी मार्चमध्ये सेंट लुईसमध्ये महापौरपदासाठी पुन्हा संमती मतदान झाले. या वेळी स्पेन्सर यांना 68 टक्के संमती मिळाली, तर पदावर असलेल्या जोन्स यांना 33, आणि एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत स्पेन्सर मोठ्या फरकाने महापौर झाल्या.