तुला काही झालं तर फोन कोणाला करायचा?

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत चहा घेऊन बसलेल्या मंडळींनो, नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या मराठी शाळेत सहलीचे फॉर्म भरून घेत होतो. दुसरीतल्या एका मुलीबरोबर तिची आजी आली होती. इमर्जन्सी काँटॅक्टच्या रकान्यात आजींनी मुलीच्या आईबाबांची नावं लिहिली. मुलीने विचारलं, "आजी, तुला काही झालं तर फोन कोणाला करायचा?" "तुझ्या बाबांना." "पण बाबा तर सोमवारपासून गुरुवारपर्यंत विमानात असतात. तुझ्या मैत्रिणीचं नाव का नाही लिहीत?"

त्या टेबलाभोवती आम्ही साठीतल्या चारपाच जणी होतो. एकीलाही उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून आज नेहमीच्या आठवणींऐवजी त्याबद्दलच बोलणार आहे.

एअरोग्रामवर बारीक अक्षरात लिहिलेली पत्रं, रविवार सकाळची कॉलिंग कार्डं, सुटकेसमधून आणलेला कुकर आणि पोळपाट, हे सगळं आपण एकमेकींच्या साक्षीने केलं. एकमेकींची बाळंतपणं काढली. आता मुलं तीन टाइमझोन पलीकडे आहेत आणि मैत्रीण दहा मिनिटांवर. पण हॉस्पिटलच्या काउंटरवर "मी तिची तीस वर्षांची मैत्रीण" असं सांगून भागत नाही. रुग्ण शुद्धीवर नसेल आणि हातात कागद नसेल, तर नर्स काही सांगायला कचरते आणि निर्णय तर तुम्हाला सहसा घेऊ देत नाहीत. मैत्रिणीचं नाव कागदावर हवं, फोनमध्ये हवं आणि घराची किल्ली तिच्याकडे हवी. माझं आजचं सांगणं एवढंच आहे.

कागद म्हणजे हेल्थ केअर प्रॉक्सी, आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा उपचारांचे निर्णय आपल्या वतीने कोणी घ्यायचे, ते लिहून ठेवायचा फॉर्म. वकील लागतोच असं नाही, राज्याचा फॉर्म फुकट मिळतो. बहुतेक ठिकाणी दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते आणि जिला प्रतिनिधी नेमलंय, तिने साक्षीदार व्हायचं नसतं. भिशीला सगळ्या जमलेल्या असतात, तेव्हाच हे काम उरकावं. पहिलं नाव मुलाचं किंवा मुलीचं असू दे, पर्यायी नाव मैत्रिणीचं घाला. दोन्ही मुलांना बरोबरीने नेमण्याचा मोह होतो, पण त्यांचं एकमत झालं नाही तर डॉक्टरांचा हात अडकतो. एक पहिला, एक दुसरा, असं स्पष्ट लिहा. त्याच बैठकीत डॉक्टरांच्या ऑफिसचा माहिती देण्याच्या परवानगीचा फॉर्मही भरून टाका. आणि हे कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार? एक प्रत डॉक्टरांच्या फाइलमध्ये, एक मैत्रिणीकडे आणि फोटो फोनमध्ये. हिवाळ्यात फ्लोरिडाला जाणाऱ्यांनी तिथल्या राज्याचाही फॉर्म भरून ठेवावा. पैशाच्या व्यवहारांची पॉवर ऑफ अटर्नी हा वेगळा कागद आहे, प्रॉक्सीच्या कागदावर बँक काही करू देणार नाही.

फोनचं काम पाच मिनिटांचं आहे. आयफोनमध्ये हेल्थ ॲप उघडून मेडिकल आयडी भरायचा आणि "लॉक असताना दाखवा" हे बटण चालू करायचं. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी असतं. तिथे औषधं लिहा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी आणि कसली ॲलर्जी असेल ती. आपल्याकडे नेमकं चुकतं कुठे, तर नावं देवनागरीत सेव्ह केलेली असतात, तीही "बाळ्या" नाहीतर "ताई नवीन". ॲम्ब्युलन्सवाल्याला ती वाचता येत नाहीत. निदान मुलाचा आणि मैत्रिणीचा, हे दोन नंबर रोमन अक्षरांत ठेवा, पुढे नातं लिहा, आणि नंबर भारतातला असेल तर +९१ घाला.

आता किल्ली. एकट्या राहणाऱ्या पाच जणींचा एक छोटा व्हॉट्सॲप गट करा. रोज सकाळी नऊपर्यंत प्रत्येकीने एक खूण टाकायची. दहापर्यंत आली नाही तर फोन करायचा. पंधरा मिनिटांच्या अंतराने दोनदा फोन करूनही उचलला नाही, तर किल्ली असलेल्या मैत्रिणीने जायचं. ती गावात नसेल तर पोलिसांना फोन करून वेल्फेअर चेक, म्हणजे घरी जाऊन ती सुखरूप आहे ना ते बघायला, सांगायचं, ते येतात. या गटावर सुप्रभात, सुविचार, निवडणुका यातलं काहीही नको. फॉरवर्डच्या पुरात न आलेली खूण कोणाच्या लक्षात येत नाही आणि महिन्याभरात गट बंद पडतो. कुलूप बदललं की किल्लीही बदलायची. अलार्मचा कोड मैत्रिणीला तोंडपाठ हवा. भारतात जाताना गटाला तारखा कळवायच्या, नाहीतर जेएफके विमानतळाच्या रांगेत उभं असताना तुमच्या दाराशी पोलिसांची गाडी यायची.

पैशांबद्दल आपण एकमेकींशी बोलत नाही. कोणाच्या मुलाला कुठे ॲडमिशन मिळाली ते सगळ्यांना माहीत, पण मैत्रिणीने मेडिकेअरचा, म्हणजे ६५ नंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचा, अर्ज केलाय का, हे विचारायचा संकोच. ६५ व्या वाढदिवसाच्या महिन्याआधीचे ३, तो महिना आणि नंतरचे ३, अशी ७ महिन्यांची मुदत असते. ती चुकली आणि स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या चालू नोकरीचा विमा नसेल, तर पार्ट बी च्या (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाच्या) हप्त्यावर प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के दंड बसतो आणि तो विमा असेपर्यंत भरावा लागतो. कोब्राचा विमा, म्हणजे नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने चालू ठेवलेला कंपनीचा विमा, यात धरत नाहीत, तिथे फार जणी फसतात. ज्यांना एच-४ मुळे, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसामुळे, कामच करता आलं नाही, त्यांनी "माझी ४० क्रेडिट्स (साधारण दहा वर्षांची नोकरी) नाहीत" म्हणून गप्प बसू नये. एच-४ वर काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली ती २०१५ पासून. आपल्यातल्या बहुतेकींची उमेदीची वर्षं त्याआधीच निघून गेली होती. नवऱ्याच्या क्रेडिट्सवर पार्ट ए (हॉस्पिटलच्या खर्चाचा भाग) विनाहप्ता मिळतो. घटस्फोट झाला असला तरी, लग्न किमान १० वर्षं टिकलेलं असेल आणि पुन्हा लग्न केलं नसेल, तर तो हक्क राहतो. पण मेडिकेअरमध्ये बायको आपोआप येत नाही. नवरा ६५ ला निवृत्त झाला आणि तुम्ही ६१ च्या असाल, तर त्याच्या नोकरीच्या विम्याबरोबर तुमचाही विमा संपतो. मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी बाजारातून स्वतः विकत घ्यायचा, विमा घ्यायला ६० दिवस असतात. निवृत्तीच्या पार्टीचा मेनू ठरवायच्या आधी हे ठरवा.

आणि नवरा गेला तर लगेच त्याचा फोन नंबर बंद करू नका. पुण्याच्या बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येत असतो, इथल्या खात्यांचे कोडही. मुलं अंत्यविधीच्या गडबडीत खर्च वाचवायला पहिल्यांदा फोनची लाइन काढतात. त्या वेळी शेजारी बसलेल्या मैत्रिणीने एवढं एक वाक्य बोलावं. मृत्यूच्या दाखल्याच्या दहाबारा प्रमाणित प्रती मागून घ्यायलाही तिनेच सांगावं. दोघांच्या सोशल सिक्युरिटीतली (सरकारी पेन्शनमधली) मोठी रक्कम राहते आणि लहान थांबते, तेव्हा महिन्याचं गणित बदलतं. हे आधीच समजलेलं बरं.

मंगळागौरीबद्दलही बोलायलाच हवं. मागच्या वर्षी हॉल गाजवलात, फार छान वाटलं. पण पॉलिश केलेल्या लाकडी फरशीवर पायमोजे घालून फुगडी घालू नका. फुगडीत दोघींचा तोल एकमेकींच्या हातात असतो. एकीची पकड सुटली की दोघीही पाठीमागे पडतात, आणि या वयात मनगट आणि खुबा आधी मोडतो. रबरी तळव्याचे बूट घाला, मागे न झुकता घ्या, नाहीतर झिम्मा आणि टिपऱ्या आहेतच. कोणी पडलीच तर दंडाला धरून ओढून उठवू नका. दुखतंय का विचारा, मग कुशीवर, मग गुडघ्यांवर, खुर्चीचा आधार देऊन तिचं तिला उठू द्या. ६५ ला हाडांची डेक्सा तपासणी करा. दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या एका मध्यम भाकरीतून साधारण दीडशे मिळतं, बाकीचं दूध, दही, तीळ, पालेभाज्यांतून भरून काढायचं.

कार्यकारिणीला प्रेमाने चार शब्द. पाचचा कार्यक्रम साडेसहाला सुरू करून अकराला संपवता, आणि मग म्हणता ज्येष्ठ महिला येत नाहीत. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला सूर्य मावळतो. मोतिबिंदू पिकत आलेल्या डोळ्यांना समोरच्या गाड्यांचे दिवे सहन होत नाहीत. हिवाळ्यातले कार्यक्रम सकाळी अकरा ते दुपारी तीन ठेवा, साडेतीनशे बटाटेवडे तळायच्या कामातून साठीच्या वरच्या बायकांना मोकळं करा, आणि एक दुपार फक्त या फॉर्मांसाठी द्या. साक्षीदार आपल्यातच मिळतील.

त्या मुलीच्या प्रश्नाकडे पुन्हा येते, कारण वर सांगितलेलं सगळं केलं तरी त्याचं पुरतं उत्तर मिळत नाही. आपले गट एकाच वयाच्या बायकांचे आहेत. आज पाच किल्ल्या पाच घरांत आहेत. पुढच्या दहा वर्षांत एक टेक्सासला मुलाकडे जाईल, एकीची स्मरणशक्ती जाईल, एकीला गाडी सोडावी लागेल. शेवटी राहिलेलीची किल्ली कोणाकडे? चाळिशीतल्या मुलींना गटात घ्यावं, तर नोकरीपायी त्यांचं गाव तीन वर्षांत बदलतं. मंडळाने यादी ठेवावी, तर कार्यकारिणी बदलत राहते, एवढी खाजगी माहिती दर वेळी कोणाच्या हाती द्यायची? ज्यांच्या गटाने यातून काही वाट काढली असेल, त्यांनी आत्ता जेवणाच्या सुट्टीत मला गाठावं. फॉर्मच्या प्रती नावनोंदणीच्या टेबलावर ठेवल्या आहेत.