आधी जमीन, मग घसरगुंडी

नमस्कार श्रोतेहो.

परीक्षा संपून सुट्टीचे वेध लागले की बालवाडीच्या फाटकाशी एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. "बाई, घरामागे थोडी जागा आहे. मुलांसाठी घसरगुंडी-झोपाळ्याचा सेट घेऊ का?" नुकता बंगला बांधलेला असतो, नाहीतर रो-हाऊस घेतलेलं असतं. थोरलं मूल चार-पाच वर्षांचं, धाकटं दोनेक वर्षांचं. लाल घसरगुंडी, पिवळा झोपाळा, निळी शिडी अशी चित्रं मोबाईलवर बघून झालेली असतात. किंमत ऐकून आजी-आजोबा गप्प झालेले असतात आणि आई-वडिलांचं काही ठरत नसतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जमीन, मग घसरगुंडी. रेडिओवर ऐकलेलं पटकन निसटतं, म्हणून पुन्हा सांगते. आधी जमीन, मग घसरगुंडी.

मुलांनी बाहेर खेळायला हवं, यात काही वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांची त्यातली ६० मिनिटं तरी धावण्या-उड्या मारण्यात, दम लागेल अशी जावीत. १८० मिनिटं म्हणजे तीन तास. दोन खोल्यांत सोफ्यावरून उड्या मारून हे तीन तास भरत नाहीत. लटकलं, चढलं, झोका घेतला की खांदे आणि मनगटं तयार होतात, तोल सांभाळता येतो. ज्या मुलाला दांडीला लोंबकळता येतं त्याच्या हातात पुढे पेन्सिलही नीट बसते. चार वर्षांच्या लेकरांकडून पानंच्या पानं गिरवून घेणाऱ्यांना मी हे सांगत आले आहे आणि सांगत राहणार. आधी खांदा, मग बोटं. असो, तो विषय मोठा आहे.

तर जमिनीबद्दल. ही गोष्ट मी दरवर्षी पालकसभेत सांगते, आज तुम्हाला सांगते.

माझी धाकटी बहीण कराडजवळच्या एका गावात दिलेली. तिचे सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात, उभा जन्म गवंडीकामात गेलेला माणूस. हातात थापी नसली तरी बोटं भिंतीवरून फिरत असतात. बहिणीला दोन मुलं, मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दोनचा. तिच्या यजमानांनी ठरवलं की मुलीच्या वाढदिवसाला सेट आणायचा. घसरगुंडी, शिडी आणि शेजारी दोन झोपाळे, सगळं एकाच सांगाड्यावर. दुकानदाराशी बोलणं झालेलं, आगाऊ पैसे तेवढे द्यायचे राहिलेले. मी नेमकी त्या दिवशी तिथे होते.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बसवणार कुठं?"

"मागच्या अंगणात, पेव्हर ब्लॉकवर. सपाट आहे, चिखल नाही," यजमान म्हणाले.

तात्या उठले. घमेल्यात फक्की घेतली आणि अंगणात रेघा मारायला लागले, पाया आखतात तशा. अंगण २२ फूट लांब आणि १८ फूट रुंद. मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता पोरांस्नी. झोपाळ्यावरनं पोरगं उडालं तर किती लांब जाईल?" मला नियम माहीत होता, तो सांगितला. झोपाळ्याची दांडी जितकी उंच, त्याच्या दुप्पट जागा पुढे आणि दुप्पट मागे मोकळी हवी. दांडी ६ फुटांवर असेल तर पुढे १२ आणि मागे १२, म्हणजे २४ फूट. तात्यांनी पावलांनी मोजलं आणि कंपाउंडच्या भिंतीपाशी थांबले. म्हणाले, "मग ही भिंत पाडायची का?"

झोपाळे तिथेच बाद झाले. घसरगुंडी आणि शिडी राहिली. त्यांच्याभोवती चारी बाजूंनी ६ फूट मोकळं सोडायचं असतं. घसरगुंडीचा पसारा ८ फूट लांब, ५ फूट रुंद. सगळं धरून २० बाय १७. तेवढं बसत होतं. यजमान खूश झाले. "बघा तात्या, बसतंय की!"

"थांब जरा," म्हणत तात्या घरात गेले आणि माळ्यावरची टोपली घेऊन आले. त्यात संक्रांतीची उरलेली सुगडं. बहिणीच्या सासूबाई मागोमाग धावत आल्या. "अहो, सुगडं कुठं चालवली?" तात्या म्हणाले, "पुजलेली न्हाईत, उरलेली हायत. आज कामाला येतील." शिडी भिंतीला लावली, घसरगुंडीच्या वरच्या फळीइतकी उंची धरली, ४ फूट. तिथून एक सुगड हळूच सोडलं. फेकलं नाही, नुसतं सोडलं. पेव्हर ब्लॉकवर पडलं आणि ठिकऱ्या झाल्या.

दुसरं सुगड कुंपणाकडेच्या मुरमावर सोडलं. फुटलं. तिसरं पुढच्या दारच्या हिरवळीवर. वरून मऊ दिसणारी हिरवळ, पण खाली तोच दाबलेला मुरूम. त्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मुलगी एव्हाना टाळ्या पिटत होती. मग तात्यांनी बांधकामातली उरलेली नदीची वाळू पाट्या भरभरून एका कोपऱ्यात ओतवली आणि फावड्याने मोकळी केली, जवळजवळ वीतभर जाडीची. चौथं सुगड त्यावर सोडलं. रुतून बसलं, साधा ओरखडासुद्धा नाही.

मला वाटलं, झालं. तात्यांचं झालं नव्हतं. त्यांनी त्याच वाळूवर पाणी मारलं, पायांनी दाबून दाबून चोपली, फरशीखाली चोपतात तशी. तेच चांगलं राहिलेलं सुगड उचललं, तेवढ्याच उंचीवरून सोडलं. फुटलं! तीच वाळू, तेच सुगड, तीच उंची. तात्या लेकाकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरं खेळली की वाळू अशीच चोपून बसती. मग रोज फावडं कोण मारणार ते आधी ठरवा, आन् मग पैसं द्या."

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी खापऱ्या गोळा केल्या. यजमानांनी कागद घेऊन हिशेब मांडला. २० बाय १७ जागेत ९ इंच जाडीची वाळू म्हणजे २५५ घनफूट, अडीच ब्रासच्या वर. शिवाय पेव्हर उखडायचे, कडेने काठ बांधायचा. सेटच्या किमतीत हे काहीच धरलेलं नव्हतं, आणि दुकानदारही त्याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. शेवटी त्यांनी झोपाळे असलेला मोठा सेट सोडला आणि नुसती बुटकी घसरगुंडी घेतली, वरची फळी माझ्या कमरेइतकी. अर्ध्या अंगणातले पेव्हर काढले, वाळू भरली. फावडं मारण्याचं काम तात्यांनी स्वतःकडे घेतलं आणि पाच वर्षांची नात त्यांच्यामागे छोटं खुरपं घेऊन. झोक्याची हौस नागपंचमीला फिटते. चुलत्यांच्या चिंचेला दोर लागतो, खाली उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरतात आणि संध्याकाळी तो उचलून टाकतात, कारण पाचटात विंचूकाटा शिरतो. आणि आदल्या रात्री त्या झोक्यावर कोण बसतं सांगू? वाळूने भरलेलं सिमेंटचं पोतं. पोतं रात्रभर टिकलं तरच सकाळी पोरं. फांदीसुद्धा चिंचेचीच. शेवग्याला झोका बांधायचं आपल्याकडे कुणी मनातही आणत नाही, ते लाकूड किती ठिसूळ ते सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणून मी म्हणते, आधी जमीन, मग घसरगुंडी. खेळताना सगळ्यात जास्त दुखापती होतात त्या पडल्यामुळे, आणि पडणार हे तर धरूनच चालायचं. पडू नये म्हणून मुलाला चढूच द्यायचं नाही, हे मला मान्य नाही. पडलं तरी उठून पुन्हा चढेल, अशी जमीन द्यायची. चार फुटांपर्यंतच्या उंचीला मोकळ्या वाळूचा ९ इंचांचा थर हवा. दगडाच्या कचीची क्रश सँड नको, तिच्या भुकटीने थर घट्ट बसतो. सिमेंटवर अर्ध्या इंचाची रबरी मॅट टाकली की झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि गच्चीवर सेट? नाही. कठडा कितीही उंच असला तरी नाही.

या पेव्हर ब्लॉकबद्दल मला एकदा मनापासून बोलायचं आहे. गावोगाव अंगणं बुजत चालली आहेत. गाडी धुवायला सोयीचं म्हणून मुलांची माती गेली, पावसाचं पाणी जमिनीत मुरेना, उन्हाळ्यात दुपारी त्यावर पाय ठेववत नाही. सेट घेऊ नका पण निदान कोपऱ्यातले दहा बाय दहा फुटांचे पेव्हर काढा, एवढी माझी विनंती आहे. तिथे पाण्याची बादली आणि दोन जुनी भांडी ठेवलीत तरी दोन वर्षांचं मूल तासभर रमतं. दिवाळीत तिथेच किल्ला होईल.

आता सेट घ्यायचाच असेल तर थोडं भराभर सांगते. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. घरगुती झोपाळे-घसरगुंड्यांसाठी आयएस ९८७३ या मानकाचा भाग ४ आहे. दुकानात तो विचारा. टेप घेऊन जा. कठड्याच्या दोन गजांमधली किंवा शिडीच्या दोन पायऱ्यांमधली फट साडेतीन इंचांपेक्षा लहान हवी, नाहीतर नऊ इंचांपेक्षा मोठी. मधल्या मापाच्या फटीतून अंग सरकतं आणि डोकं अडकतं. साडेतीनपेक्षा लहान, नाहीतर नऊपेक्षा मोठी. लक्षात ठेवा.

घसरगुंडीचं तोंड पश्चिमेला नको. वैशाखात पत्रा तर भाजतोच, प्लॅस्टिकही भाजतं. आधी आपला तळहात टेकवायचा, मग मूल बसवायचं. ओढणी, गळ्यातला गोफ, टोपीची नाडी काढून ठेवायची. सांगाड्याला हौसेने जादा दोर बांधायचे नाहीत, गळ्याला फास बसतो.

आणि हे जरा सावकाश सांगते, कारण प्रेमापोटी होतं. लहान मुलाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. आपल्या वजनाने वेग वाढतो, मुलाचा बूट कडेला किंवा आपल्या पायाखाली अडकतो आणि नडगीचं हाड मोडतं. मूल एकटं बसून उतरण्याएवढं झालं नसेल तर ती घसरगुंडी अजून त्याची नाही. बाजूला उभं राहून हात धरा, मांडीवर घेऊ नका.

एक प्रश्न मी पालकांना उलट विचारते. तुमच्या अंगणात दुसरी कुणाची मुलं येतात का? एकटं मूल घसरगुंडीवर थोडा वेळ खेळतं आणि आत येतं. शेजारची तीन पोरं आली की दिवेलागणीपर्यंत हाक मारावी लागते. फाटक उघडं ठेवणार असाल, चार पोरांचा गोंगाट चालणार असेल, त्या वेळी कुणीतरी मोठं माणूस बाहेर खुर्ची टाकून बसणार असेल, तर जरूर घ्या. यातलं काही जमणार नसेल तर मुलांना रोज संध्याकाळी बागेत न्या. आणि बाग नसेल तर गावातल्या शाळेचं मैदान असतंच की. सुट्टीत त्या मैदानांना कुलपं का लागतात हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांनी हे ऐकलं असेल तर उद्या सकाळी फाटक उघडावं.

पावसाळ्याआधी सेटचे नटबोल्ट आवळा, गंज लागलेली साखळीची कडी बदला. पाऊस सुरू झाल्यावर पायऱ्यांवर शेवाळ धरतं, ते ब्रशने घासा. टायरचा झोका केला असेल तर त्याला खालून भोकं पाडा, साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. वाळूवर रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं घाण करतात, आणि सकाळी ताडपत्री मुलांनी नाही, मोठ्यांनी काठीने उचलायची. खाली काय शिरलं असेल सांगता येत नाही. मग फावडं मारा आणि मुलांना सोडा.

नमस्कार.