गुण पूर्ण, तरी 20 परिचारिका जास्त

उदाहरणादाखल पाच रुग्णालयं घेऊ. प्रत्येकात दिवसाला 100 रुग्ण तपासले जातात. 'अ'कडे 10 डॉक्टर, 40 परिचारिका. 'ब'कडे 20 आणि 20. 'क'कडे 40 आणि 10. 'ड'कडे 20 आणि 40. 'इ'कडे 10 आणि 60.

यांत कार्यक्षम कोण? डॉक्टर आणि परिचारिका यांची सरळ बेरीज करता येत नाही. एका डॉक्टरला किती परिचारिकांच्या बरोबरीचं धरायचं, यावर सगळं अडतं. डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस, म्हणजे डीईए, हा निर्णय त्या-त्या रुग्णालयावरच सोपवते. गुण म्हणजे भारांक लावून केलेल्या कामाला तसेच भारांक लावलेल्या मनुष्यबळानं भागलेलं. आपला गुण जास्तीत जास्त येईल असे भारांक, म्हणजे प्रत्येक गोष्टीला द्यायचं वजन, त्यानं निवडावेत. मात्र त्याच भारांकांनी कुणाचाही गुण 1च्या वर जाता कामा नये. प्रत्येकासाठी एक लिनिअर प्रोग्राम, म्हणजे अटी पाळून कमाल किंमत शोधण्याचं गणित, सोडवायचा. यामागची सीमारेषेची, म्हणजे सर्वांत कार्यक्षम घटकांना जोडणाऱ्या रेघेची, कल्पना फॅरेल यांची, 1957ची. तिला हे रूप दिलं चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी, 1978 साली.

आता आलेख पाहा. आडव्या अक्षावर डॉक्टर, उभ्या अक्षावर परिचारिका. अ, ब, क जोडले की सीमारेषा तयार होते. मूळबिंदूपासून 'ड'पर्यंत ओढलेली रेघ तिला 15 डॉक्टर, 30 परिचारिका इथे छेदते. 15 भागिले 20, म्हणून 'ड'चा गुण 0.75. दोन्ही निविष्ठा, म्हणजे डॉक्टर आणि परिचारिका, 25 टक्क्यांनी कमी करूनही तेवढेच रुग्ण तपासता यायला हवेत. गुणापेक्षा मोलाचं म्हणजे 'ड'नं कुणाकडून शिकायचं तेही इथे कळतं: अ आणि ब यांच्याकडून. 'क'ची घडी त्याच्या उपयोगाची नाही.

'इ'पाशी मात्र थांबायला हवं. त्याचा गुण 1 येतो, कारण 10पेक्षा कमी डॉक्टर कुणाकडेच नाहीत. पण 'अ' तेच काम 40 परिचारिकांत करतं! 'इ'नं परिचारिकांचा भारांक शून्य ठेवला आणि त्या हिशेबातूनच गळल्या. म्हणून दुसऱ्या टप्प्यात ही जादा शिल्लक, म्हणजे स्लॅक, मोजावीच लागते. नुसते गुण छापणारा अहवाल अपुरा आहे.

रुग्णालयं लहान-मोठी असतील तर आणखी एक प्रश्न येतो. चार्न्स, कूपर, ऱ्होड्स यांच्या आद्याक्षरांचं 1978चं सीसीआर मॉडेल निविष्ठा दुप्पट केल्या की काम दुप्पट होईल असं धरतं. बँकर, चार्न्स आणि कूपर यांच्या 1984च्या बीसीसी मॉडेलात ही अट नाही. एखाद्या रुग्णालयाचे गुण पहिल्यात 0.60 आणि दुसऱ्यात 0.80 आले, तर भागाकार 0.75: एवढी आकारमानाची कार्यक्षमता.

तुलनेसाठी घटक, म्हणजे इथे रुग्णालयं, किती हवेत? निविष्ठा आणि निष्पत्ती यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट, हा रूढ ठोकताळा. इथे निविष्ठा दोन आणि निष्पत्ती एक, म्हणजे तपासलेले रुग्ण; तीनाची तिप्पट 9. आपली पाच रुग्णालयं समजून घेण्यापुरती ठीक, निर्णयासाठी नाहीत. घटक कमी पडले की जो तो 1 गुण घेऊन बसतो.

सर्वांत मोठा धोका चुकीच्या नोंदीचा. 'अ'च्या 40 परिचारिका चुकून 4 टंकल्या, तर 'ब'चा गुण 1वरून 0.5वर येतो, 'क'चा 0.4वर. चूक एकाच्या नोंदीत, गुण गेले दुसऱ्यांचे. म्हणून सीमारेषेवरचा एकेक घटक वगळून गणित पुन्हा चालवायचं, आणि ज्याला काढताच इतरांचे गुण उसळतात त्याची मूळ नोंदवही उघडायची.