भिंतीवरचा एक ठिपका

शाळेच्या ओसरीवरची एक भिंत आणि त्या भिंतीवर गुरुजींनी काढलेला एक ठिपका. चित्रकार सय्यद हैदर रझा यांची ओळख लहान मुलांना करून द्यायची असेल, तर सुरुवात येथूनच करावी असे आम्हाला वाटते, कारण ही गोष्ट मुळात एका शिक्षकाची आणि त्याच्या चंचल विद्यार्थ्याची आहे.

रझा यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९२२ रोजी मध्य प्रदेशातील बाबरिया या गावी झाला. वडील वनखात्यात नोकरीला असल्यामुळे मंडला जिल्ह्यातील जंगले, नर्मदेचा परिसर, छातीत धडकी भरवणारा रात्रीचा काळोख आणि बाजाराच्या दिवशी उजळून निघणारे रंग यांच्या संगतीत त्यांचे बालपण गेले. ककैया येथील प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष धड्यावर टिकत नसे. तेथील शिक्षक नंदलाल झारिया यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत राहायला त्याला सांगितले. रझा हा प्रसंग उतारवयातही सांगत असत आणि जगाला माहीत असलेल्या आपल्या ‘बिंदू’ चित्रांचा धागा त्या भिंतीशी जोडत असत.

आज आपण ज्या वर्गात आलो आहोत, तेथे पहिली-दुसरीची मुले सतरंजीवर दाटीवाटीने बसली आहेत. फळ्यावर रझांच्या एका बिंदू-चित्राची मोठी छापील प्रत लावलेली आहे. मधोमध काळेभोर वर्तुळ आहे आणि त्याच्याभोवती करड्या रंगाची कडी, एकात एक, बाहेर जावे तसतशी उजळत गेली आहेत. बाईंनी कागद आणि खडू अजून कपाटातच ठेवले आहेत. मुलांनी आधी नुसते पाहायचे आहे, आणि पाहून झाले की काय दिसले ते एकेकाने सांगायचे आहे. कोणाला त्यात तवा दिसतो, कोणाला वाकून पाहिलेली विहीर. मागच्या रांगेतली एक मुलगी सांगते की ही बाळाच्या गालावरची तीट आहे, आणि तिच्या शेजारचा मुलगा ताबडतोब विचारतो, “मग बाळ कुठाय?” बाई कोणाचेही उत्तर चूक ठरवत नाहीत. मात्र प्रत्येकाला पुढे बोलावून, तसे नेमके कशामुळे वाटले, ते चित्रावर बोट ठेवून दाखवायला सांगतात. चित्र पाहण्याचे शिक्षण म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी सहा वर्षांचे वय मुळीच लहान नाही.

बहुतेक ठिकाणी मात्र रझांच्या नावाने होणारा चित्रकलेचा तास वेगळाच असतो. वाटी उपडी ठेवून वर्तुळ आखून घ्यायचे, त्यात ठरवून दिलेले रंग भरायचे आणि तीस मुलांची तीस सारखी चित्रे भिंतीवर टांगायची. पालकांना ती आवडतात, हे खरे आहे. परंतु अशा तासाला मूल रेषेच्या आत रंगवायला शिकते, रझा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ज्या वर्तुळाची आपण अर्ध्या तासात नक्कल करवून घेतो, तेथवर यायला स्वतः रझांना कित्येक वर्षे लागली होती. १९३९ पासून नागपूरच्या कला शाळेत आणि नंतर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे या कलावंतांसह ते नव्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या कलावंतांच्या गटात होते. १९५० मध्ये पॅरिसला गेले. या साऱ्या काळात त्यांनी मुख्यतः निसर्गदृश्ये, रस्ते, घरे आणि गावे रंगवली. बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला, तेव्हा ते साठीकडे झुकले होते.

म्हणून या वर्गातल्या बाईंनी वर्तुळाऐवजी काळ्या रंगापासून सुरुवात केली आहे. मुलांसमोर कोळशाचा तुकडा, काजळाची डबी, तव्याच्या बुडाची काजळी आणि पोस्टर कलरची काळी बाटली मांडली आहे. बोटाने कागदावर ओढून पाहिल्यावर कोळसा करडा निघतो आणि काजळ चकाकते. एका पत्र्याच्या झाकणात लाल, निळा आणि पिवळा एकत्र कालवणाऱ्या मुलाला अनपेक्षितपणे काळपट रंग मिळतो आणि तो झाकण उचलून सगळ्यांना दाखवत सुटतो. काळा हा एकच रंग नसतो, हे त्याला आता कोणी सांगण्याची गरज उरलेली नाही. रझांच्या चित्रातला काळा ही मुले आता पुन्हा पाहतात, तेव्हा त्यातली कडी मोजू लागतात.

रझांनी ‘अंकुरण’ या विषयावरही चित्रे केली. बिंदू म्हणजे बी, हा विचार मोठ्यांना तत्त्वज्ञान वाटतो. मुलांसाठी मात्र तो फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीइतका साधा आहे. बाईंनी काल भिजवलेली मटकी आज सोडली आहे. एका दाण्याला फुटलेला पांढरा, किंचित वाकलेला मोड भिंगातून पाहताना मुले एकमेकांना कोपराने ढकलत आहेत. रझांच्या बिंदूशी जोडल्या जाणाऱ्या पंचमहाभूतांविषयी बाई येथे काहीच बोलत नाहीत, आणि हा निर्णय आम्हाला फार योग्य वाटतो. त्याचप्रमाणे रझांचे ‘सौराष्ट्र’ हे चित्र २०१० मध्ये सोळा कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले, हेही या वयाच्या मुलांना सांगू नये. एकदा आकडा कानावर पडला की चित्राकडे पाहणारा डोळा आकड्याकडेच वळतो.

शेवटच्या वीस मिनिटांत कागद वाटले जातात. घरी ठिपक्यांची रांगोळी पाहिलेली एक मुलगी चिमटीने रांगोळी सोडावी तशी बोटे धरून आधी ठिपकेच ठिपके मांडते. कोणी पूर्ण कागद काळा करून मध्ये पांढरी जागा राखतो. खिडकीजवळच्या मुलाने मात्र कागदाच्या खालच्या कोपऱ्यात मुगाएवढा एकच ठिपका काढला आहे. ठिपका मध्यभागी काढ, असे सांगायला शेजारच्या मुलाने तोंड उघडले आहे. बाई त्याला हाताने थांबवतात, कोपऱ्यातल्या ठिपक्याजवळ खाली बसतात आणि त्या मुलाबरोबर काही वेळ त्याच्याकडे पाहत राहतात.