बाटलीतली मिनिटं

पत्रिकेवर विषय छापलाय 'डायव्हिंग बेल खाली अडकली तर', बेल म्हणजे पाणबुड्यांना जहाजावरून खाली नेणारी-आणणारी बंद कोठी, तिकडे येतोच, पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्या. क्रिस लेमन्स या पाणबुड्याचं नाव काढलं की लोक 'चमत्कार' म्हणून हात जोडतात.

किस्सा बऱ्याच जणांना माहितीये. सप्टेंबर २०१२, नॉर्थ सी, बिबी टोपाझ जहाज. हा शंभर मीटरच्या आसपास खाली कामाला आणि वर जहाज जागेवर धरून ठेवणारी कॉम्प्युटर सिस्टीम बसली. खवळलेल्या समुद्रात जहाज वाहत निघालं, याची अंबिलिकल, म्हणजे बेलपासून याच्यापर्यंत येणारी केबल, खालच्या लोखंडात अडकली, ताणली आणि तुटली. गॅस, सूटमधलं गरम पाणी, बोलणं, उजेड, सगळं त्याच एका केबलमधून येतं, त्यामुळे गेलं ते सगळं एकदमच. पाठीवर उरल्या बेलआउटच्या, म्हणजे अडीअडचणीला ठेवलेल्या गॅसच्या बाटल्या. तरी गडी काळोखात चाचपडत परत त्या लोखंडी स्ट्रक्चरवर चढून बसला, म्हणून तर जोडीदाराला सापडला, पण तोवर गॅस संपून अर्धा तास झाला होता. बेलमध्ये आणून तोंडाने दोन श्वास दिले आणि हा शुद्धीवर!

यात चमत्कार कुठाय? तो जो गॅस ओढत होता त्यात ऑक्सिजनचं प्रेशर जमिनीवरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त होतं आणि पाणी बर्फासारखं गार, या दोन गोष्टींनी मेंदू तगला असं मानतात. म्हणजे वाचवण्यात थंडीचाही हात, आणि एरवी हीच थंडी मारते, त्यावरही येतो.

आता गणिताला घाबरणाऱ्यांनी जरा दम धरा, विषयाला धरूनच आहे. समजा पाठीवर २४ लिटरच्या बाटल्या, २०० बारला भरलेल्या. झाले ४८०० लिटर. बाहेरचंच प्रेशर ११ बार, त्यामुळे बाटलीतला शेवटचा गॅस निघतच नाही, धरा ४३०० उरले. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर ओढतो, तिथे खाली प्रेशरमुळे अकरापट, २२० लागतात, म्हणजे कागदावर जवळजवळ वीस मिनिटं. पण केबल तुटल्यावर शांत कोण राहतो हो? घाबरलेला ६२ ओढतो, म्हणजे ६८२. सहा-साडेसहा मिनिटांत खेळ खलास.

माझा मुद्दा हाच, की बाटली किती मोठी हे पाठीला काय झेपतं आणि बेलच्या तोंडातून काय आत जातं यावरून ठरतं, जहाज परत यायला किती वेळ लागेल यावरून नाही. सोडलेला श्वास धुऊन परत वापरणारे बेलआउट रिब्रीदर आता आलेत, त्यांनी हे गणित पालटतं. महाग आहेत, मान्य, मग?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, बेल. १९७९ला वाइल्डरेक जहाजाची बेल सुटून तळाला गेली, आतले दोघं थंडीने गेले. खाली श्वासाला हीलियम मिसळलेला गॅस असतो, आणि हीलियम हवेच्या सहापट उष्णता वाहून नेतो, हीटिंग बंद पडलं की माणूस श्वासागणिक गार होतो. म्हणून आता बेलमध्ये जाड इन्सुलेटेड बॅगा असतात आणि सोडा लाइमचे मास्क, जे कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि सोडलेल्या श्वासाची ऊब पुढच्या श्वासाला परत देतात. जहाजच बुडायला लागलं तर जहाजावरच्या प्रेशर चेंबरमध्ये राहणाऱ्या पाणबुड्यांसाठी प्रेशरवाली लाइफबोट, कारण त्यांना तसंच बाहेर काढलं तर मरतील, प्रेशर हळूहळू उतरवायलाच कित्येक दिवस लागतात. एवढं सगळं आहे, पण बॅगेत शिरून मास्क लावायचा तो लगेच, कुडकुडायला लागल्यावर बोटांनी चेन लागत नाही, तेव्हा ड्रिल घ्याल तर दिवे बंद करून घ्या.