न आलेल्या विमानासाठी संप

(दृश्य : नरिमन पॉइंट, एअर इंडियाची इमारत)

मे 2012. एअर इंडियाचे वैमानिक एकामागून एक 'आजारी' पडू लागले. साथ वगैरे काही नव्हती. भांडण ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या विमानावरून होतं, आणि ते विमान अजून एअर इंडियाच्या ताब्यातही आलं नव्हतं.

मूळ 2007 मधलं. परदेशी जाणारी एअर इंडिया आणि मुख्यतः देशात उडणारी इंडियन एअरलाइन्स सरकारने एक केली. नाव एक झालं. वैमानिकांच्या सेवाज्येष्ठतेच्या याद्या मात्र दोनच राहिल्या.

(दृश्य : कॉकपिट, खांद्यावरच्या पट्ट्या)

या यादीचं वजन बाहेरच्याला कळत नाही. को-पायलटच्या खांद्यावर कॅप्टनची चौथी पट्टी कधी चढणार, छोट्या एअरबसवरून मोठ्या बोइंगवर कधी जाणार, हे बरंचसं यादीतला नंबर ठरवतो. पगार त्याच्या मागोमाग. कंपनी सोडली की नंबर तिथेच राहतो. नव्या घरी सहसा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं. रेशनच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला आपण काय म्हणतो, आठवा.

2011 मध्ये इंडियन एअरलाइन्सकडच्या वैमानिकांनी दहा दिवस संप केला होता. मागणी समान पगाराची. पुढच्या वर्षी दुसरी बाजू उठली. इंडियन पायलट्स गिल्ड, म्हणजे एअर इंडियाकडच्या वैमानिकांची संघटना, तिचं म्हणणं : ड्रीमलायनरची ऑर्डर विलीनीकरणाआधीची, आमच्या एअर इंडियाची, मग इंडियन एअरलाइन्सवाल्यांना तिचं प्रशिक्षण का? आपापल्या जागी दोघंही बरोबर होते. चूक त्यांची, ज्यांनी कंपन्या आधी जोडल्या आणि याद्यांचा प्रश्न पुढे ढकलला. हा गुंता सोडवायला नेमलेल्या न्यायमूर्ती धर्माधिकारी समितीचा अहवाल आला तो 2012 च्या जानेवारीत. पाच वर्षांनी!

गिल्डची मान्यता गेली. शंभराच्या आसपास वैमानिक बडतर्फ झाले. इंडियन एअरलाइन्सकडच्या संघटनेचे वैमानिक विमानं उडवतच राहिले. 58 दिवसांनी, जुलैच्या सुरुवातीला, संप मागे घेतला गेला. सप्टेंबरात एअर इंडियाचं पहिलं ड्रीमलायनर दिल्लीत उतरलं.

(दृश्य : धावपट्टी, संध्याकाळ)

एप्रिल 2023. मालक आता टाटा. वैमानिकांपुढे नवे पगार-करार आले. दोन्ही संघटनांनी आपापल्या सदस्यांना सांगितलं, सही करू नका. या वेळी एका सुरात.