उपदेश गावच्या मातीतला

यवतमाळ जिल्ह्यातील या गावात कापसाचा शेवटचा वेचा आटोपला असून पराट्या उपटण्याचे काम सुरू आहे. ख्रिस्ती पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकांचे, प्रशिक्षण शिबिर मुद्दाम याच दिवसांत भरवले जाते, कारण इथे सतरंजीवर बसलेले बहुतेक पाळक आठवडाभर शेतात राबतात आणि रविवारी मंडळीपुढे, म्हणजे उपासनेला जमलेल्या भाविकांपुढे, उभे राहतात. केवळ दशांशावर, म्हणजे भाविकांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागावर, पाळकाचे घर चालावे, अशा मंडळ्या खेड्यांत थोड्याच आहेत.

ख्रिस्ती धर्मशिक्षण या जिल्ह्याला नवे नाही. १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळातच होती आणि देशभरातील विद्यार्थी इथे शिकायला येत; १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. त्या स्थलांतराबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, परंतु शेत आणि मंडळी सोडून, इंग्रजी माध्यमातून पदवी घेण्यासाठी पुण्यात राहणे खेड्यातील पाळकाला परवडणारे नाही, हेही तितकेच खरे. म्हणूनच शिक्षणाने पाळकाच्या दारी, त्याच्या भाषेत यावे, असा या शिबिराचा आग्रह आहे, आणि तो रास्त आहे.

सकाळच्या वर्गात बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडला आहे. पेरणाऱ्याचा दाखला साऱ्यांना तोंडपाठ. तरीही शिक्षक विचारतात, तिफणीने पेरताना बी वाटेवर पडेलच कसे? वर्गात आधी हशा पिकतो आणि मग शांतता पसरते. दाखल्यातील शेतकरी बी मुठीने फोकतो, त्यामुळे काही दाणे वाटेवर, काही खडकाळ जागी आणि काही काट्यांत जातात, हे एकदा ध्यानात आले की कथा उलगडू लागते. भंडाऱ्याकडून आलेले एक पाळक धानाच्या आवत्याचे, म्हणजे बी फोकून केलेल्या पेरणीचे, उदाहरण देतात. दाखल्यातील चार जागांसाठी फळ्यावर आता पांदण, बरड, काटेरी धुरा आणि काळी भारी जमीन असे चार शब्द आले आहेत. यानंतर प्रत्येकाने दहा मिनिटांचा उपदेश तयार करायचा असतो. मागच्या रांगेतील एका तरुण पाळकाची वही पाहा: पुस्तकी वाक्ये खोडून त्याने बाजूला तेच वऱ्हाडीत लिहिले आहे. तो बोलू लागतो, तेव्हा बाकीचे मंडळी होऊन ऐकतात आणि नंतर मोकळेपणाने चुका दाखवतात. अनुभवी पाळकांनाही यातून सूट नाही.

दुपारी अर्पणाच्या वहीचे सत्र होते. पैसे दोघांनी मिळून मोजावेत, दोघांच्याही सह्या घ्याव्यात आणि हिशेब दर महिन्याला पंचांपुढे ठेवावा, हे नियम साधे वाटतात. पण मंडळीत फूट पडते ती बहुधा पैशांवरूनच. पेत्राच्या पहिल्या पत्रातील पाचवा अध्याय, कळपाचे पालन पैशाच्या लोभाने करू नये असे सांगणारा, इथे हिशेबाच्या वहीशेजारीच वाचला जातो.

आत्महत्या झालेल्या शेतकऱ्याच्या घरी गेल्यावर पाळकाने काय बोलू नये, या सत्राच्या वेळी आम्ही चित्रीकरणाचा कॅमेरा बंद ठेवला होता.

शिबिरानंतर मंडळीतील तरुण मुले-मुली उपासनेत अधिक रमू लागल्या, असे काही पाळक सांगतात. पुढील शिबिर मृगाच्या पेरण्यांपूर्वी होईल. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लग्न लावण्याचा अधिकार कोणाला आहे आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हा त्याचा पहिला विषय आहे.